पाच दहाची गाडी आणि भौतिकशास्त्र मंडळ : एका प्रवेशाची हकिकत

गेल्या वर्षी जुलैत आमच्या भौतिकशास्त्र मंडळाच्या रजिस्टरमध्ये ११८ नावं होती. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या बैठकीला नऊ जण आले, आणि त्यातलाही एक जर्नलवर सही घ्यायला आला होता. सहा वर्षं मी या मंडळाचा प्रभारी आहे. दरवर्षी हीच गळती बघतो आणि दरवर्षी स्टाफरूममध्ये तेच वाक्य बोलतो, 'पोरांना आवडच नाही हल्ली.' मागच्या वर्षी हे वाक्य माझ्याच अंगावर आलं. जुलैत नाव घालून ऑगस्टमध्ये गळालेली एक मुलगी डिसेंबरात वेगळ्याच दाराने आत आली. ती का गेली आणि कशी आली, हे नंतर तिच्याशी, तिच्या मैत्रिणींशी आणि शेवटी तिच्या वडिलांशी बोलून मी टिपून ठेवलं. तिची हरकत नाही, पण तिचं नाव, गाव आणि आमचं कॉलेज सांगत नाही. सातारा-कऱ्हाड पट्ट्यातलं एक कॉलेज, एवढं पुरे.

आधी मंडळाविषयी. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं मिळून भौतिकशास्त्र घेतलेली कोणीही मुलं त्यात येऊ शकतात. वर्गणी ५० रुपये. जुलैत उद्‌घाटन असतं : रामनांच्या फोटोला हार, नारळ, पाहुण्यांचं कृष्णविवरांवर इंग्रजी स्लाइड दाखवत मराठीत व्याख्यान, मागे बॅनर, पुढे फोटो. फोटो कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फायलीत जातात. मग दर बुधवारी दुपारी चारला बैठक. महिन्याला एक भित्तिपत्रक. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आणि त्याच्या आसपास नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघायला सहल. खरं सांगायचं तर ११८ पैकी निम्मी नावं या सहलीची असतात. त्यात वावगं काही नाही. मीही विद्यार्थी असताना असल्याच एका सहलीसाठी नाव घातलं होतं.

या मुलीने नाव का घातलं? तिचं उत्तर सरळ होतं : 'नोटीस लागली होती सर, वर्गातल्या सगळ्याच घालत होत्या.' गावच्या शाळेत दहावी, तालुक्याला बारावी, सगळं मराठीतून. बारावीचं सायन्स तेवढं पुस्तकापुरतं इंग्रजी. घर कॉलेजपासून २६ किलोमीटर. एसटीचा पास. जायला सकाळी साडेसातची गाडी, यायला पाच दहाची.

पहिल्या बुधवारी टी.वाय.च्या मुलांनी 'ओळख परेड' ठेवली. प्रत्येकाने उठायचं, नाव सांगायचं, आवडता भौतिकशास्त्रज्ञ कोण आणि का ते इंग्रजीत सांगायचं. कल्पना अध्यक्ष मुलाची, पोरगा हुशार, एनजीपीई या भौतिकशास्त्राच्या देशपातळीवरच्या परीक्षेची तयारी करणारा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. फाइनमन, डिरॅक, एक-दोघांनी चंद्रशेखर सांगितले. तिची पाळी आली तेव्हा ती 'न्यूटन' म्हणून खाली बसली. 'ओके, क्लासिकल,' असं कोणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला. मी टेबलाशी बसून हजेरीवर सह्या करत होतो. मीही हसलो. हे मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

दुसऱ्या बुधवारी क्वांटम एंटँगलमेंटवर एका टी.वाय.च्या मुलाचं व्याख्यान होतं. साडेचारला संपायचं ते साडेपाचला संपलं. मधून उठून जायचं धाडस तिला झालं नाही, कारण ती दुसऱ्या रांगेत बसली होती आणि दार पुढे होतं. पाच दहाची गाडी गेली. पुढची पावणेसातची. घरी पोचायला आठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. 'सर, पोरगी काल आठला घरी आली. मंडळाचं काम होतं म्हणती. कॉलेजात कसलं मंडळ असतंय, गणपतीचं?' ऑगस्ट महिना होता, प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. मी त्यांना समजावून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगितला. पाच दहाच्या गाडीचा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. तिसऱ्या बुधवारी ती आली नाही, आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा मीच मारला.

इथवरची गोष्ट कुठल्याही कॉलेजात घडते, म्हणून ती भराभर सांगितली. पुढच्या गोष्टीवर जरा रेंगाळतो.

डिसेंबरात एफ.वाय.ची प्रात्यक्षिकं चालू होती. स्पेक्ट्रोमीटर, प्रिझमचा कोन, शुस्टरची पद्धत. सोडियमचा दिवा लावला की तो तापायला आठ-दहा मिनिटं लागतात. तोवर पोरं गप्पा मारतात किंवा मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेतात. ही मात्र दिव्याकडे बघत उभी होती. हा दिवा लावल्या लावल्या गुलाबी-लाल दिसतो, मग हळूहळू पिवळा होतो. तिने विचारलं, 'सर, आधी गुलाबी का?' हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय : थंड असताना सोडियम घट्ट धातू असतो, त्याची वाफ नसते, म्हणून सुरुवात करून द्यायला नळीत निऑन भरलेला असतो, गुलाबी रंग त्या निऑनचा. ऊब आली की सोडियमची वाफ होते आणि पिवळा रंग वरचढ होतो.

तिने मान हलवली आणि म्हणाली, 'पण आमच्या फाट्यावरचा सोडियमचा दिवा गुलाबी नाही होत. तो आधी पांढरा-निळसर होतो, मग पिवळा.'

मला उत्तर येत नव्हतं. सहा वर्षांचा प्रभारी, त्याच्या आधीची चौदा वर्षं शिकवणं, आणि रस्त्यावरचा दिवा लागताना मी कधी बघितलाच नव्हता. 'नंतर सांगतो' म्हणालो. त्या 'नंतर'ला काही अर्थ नसतो हे पोरांना माहीत असतं. म्हणून असेल, किंवा शरम वाटली म्हणून असेल, मी कपाटातून एक जुनी सीडी काढून तिच्या हातात दिली आणि वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारा खोका, कसा करायचा ते कागदावर काढून दाखवलं.

कृती सोपी आहे. बुटाचा खोका घ्यायचा. एका टोकाला दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे धारेला धार लावून, मध्ये केसाएवढी फट ठेवून चिकटवायचे. दुसऱ्या टोकाला सीडी तिरकी बसवायची आणि वरून बघायला भोक पाडायचं. आतून काळा कागद. सीडीवरच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेघा. आमच्या प्रयोगशाळेत रंग सुटे करायला बारीक रेघांची काच असते, ग्रेटिंग; ज्या ग्रेटिंगला हात लावण्याआधी पोरांना दहा सूचना ऐकाव्या लागतात, त्यावर इंचाला १५,००० रेघा असतात; सीडीचं इंचाचं गणित १५,९०० च्या जवळ जातं. फरक इतकाच की सीडीच्या रेघा गोल असतात, म्हणून वर्णरेषा किंचित वाकड्या दिसतात. ग्रेटिंग फुटलं तर चौकशी होते, सीडी फुटली तर दुसरी मिळते. पोरांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

पुढे आठ दिवस काही नाही. मग जर्नल तपासताना तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला रंगीत पेन्सिलीने काढलेले तीन पट्टे दिसले. पहिल्याखाली 'घरची ट्यूब' : निळा, हिरवा, नारिंगी अशा सुट्या पट्ट्या, त्यात हिरवी सगळ्यात ठळक. ती पाऱ्याची, ५४६ नॅनोमीटरची. दुसऱ्याखाली 'ग्रा.पं. एलईडी' : एक निळा डाग आणि पुढे सलग इंद्रधनुष्य. तिसऱ्याखाली 'फाटा, सोडियम' : पिवळ्याचा जाड, पसरट पट्टा आणि त्याच्या बरोबर मधोमध काळ्या पेन्सिलीची उभी रेघ. रेघ दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेली. कागद तिथे पातळ झाला होता.

'हे दाखवलं का नाहीस?'

'चुकलं असेल सर. लॅबच्या दिव्यात तिथे सगळ्यात चमकदार रेघ येते. माझ्यात तिथेच काळी आली. मी ब्लेड परत लावलं, तरी तेच आलं.'

चुकलं काहीच नव्हतं. लॅबमधला दिवा कमी दाबाचा, रस्त्यावरचा उच्च दाबाचा. उच्च दाबाच्या दिव्याच्या नळीत सोडियमबरोबर पारा आणि झेनॉन असतो. सुरुवातीचा पांढरा-निळसर रंग त्यांचा. नळी तापली की आतला दाब इतका वाढतो की सोडियमची नेमकी रेष, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरची जोडी, दोन्ही बाजूंना पसरते. पण नळीच्या भिंतीलगतची सोडियमची वाफ मधल्यापेक्षा थंड असते, आणि ती बरोबर ५८९ च्या आसपासचाच प्रकाश बाहेर पडता पडता गिळते. मधोमध काळी रेघ उरते. १८१४ साली फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेघा मोजल्या आणि त्यातल्या एकीला 'डी' नाव दिलं, ती हीच जागा. १८५९ मध्ये किर्खहोफने सूर्याचा प्रकाश मीठ टाकलेल्या ज्योतीतून नेला तेव्हा ही रेघ आणखी काळी झाली, आणि सूर्यात काय काय आहे हे सांगायची किल्ली माणसाच्या हाती आली. पोरीने बुटाच्या खोक्यातून तेच पाहिलं होतं आणि ब्लेड वाकडं लागलं असं समजून खोडरबर चालवला होता.

'बुधवारी हे मंडळात आण,' मी म्हणालो. तिने उत्तर दिलं नाही, खाली बघितलं. तेव्हा कुठे मला गाडी आठवली. मी विचारलं, तिने सांगितलं. न्यूटनचं मात्र पुढे कधीतरी फेब्रुवारीत सांगितलं. बैठक आम्ही गुरुवारी दुपारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, ऑप्टिक्सच्या अंधाऱ्या खोलीत घेतली. व्याख्यान नाही, स्लाइड नाही. नोटिशीत एकच ओळ : 'फाट्यावरच्या दिव्यात काळी रेघ का दिसते? खोका इथे आहे, येऊन बघा.'

एकवीस जण आले. डब्यांसकट. खोका हातोहात फिरला. दिवा मात्र फाट्यावर आणि आम्ही खोलीत, त्यामुळे तिच्या मोबाइलमधल्या फोटोवर आणि पट्ट्यांवर भागवावं लागलं. उत्तर मला आधीच माहीत होतं, पण मी गप्प बसायचं ठरवलं आणि हे मला फार जड गेलं. टी.वाय.चा अध्यक्ष म्हणाला, फट रुंद आहे म्हणून असं दिसतं. ती म्हणाली, मग ट्यूबच्या रेघेत का नाही दिसत? त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं. या वेळी कोणी हसलं नाही. तीन दिवस ग्रुपवर वाद चालला, आणि शेवटी एस.वाय.च्या एका मुलाने स्व-शोषणाचा, म्हणजे दिव्यातलीच थंड वाफ दिव्याचा प्रकाश गिळते हा मुद्दा पुस्तकातून शोधून आणला. ग्रुपवर त्याआधीचे चार महिने 'गुड मॉर्निंग' आणि नोटिशी यापलीकडे काही नव्हतं.

केंब्रिजमध्ये १९२२ साली प्योत्र कपित्सा या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने तरुण संशोधकांचा एक क्लब काढला होता. तिथली मुलं वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायला बिचकत, म्हणून तो स्वतःच बाळबोध प्रश्न विचारून चर्चेला तोंड फोडायचा असं सांगतात. मला ही युक्ती ऐकून माहीत होती. वापरायची गरज पडली नाही, कारण माझं अज्ञान अस्सल होतं आणि मुलीने ते बघितलेलं होतं. आमच्या मंडळांमध्ये उलट चालतं : नवीन पोराने आधी आपल्याला काय येतं ते सिद्ध करायचं, मग बसायचं.

त्या वादातून आणखी एक फाटा फुटला, तो सांगायचा मोह आवरत नाही. देवगडकडचा एक मुलगा अभिमानाने म्हणाला, पिवळ्या रेघेवरूनच लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने आमच्या विजयदुर्गावर हेलियम शोधला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. तिने विचारलं, मग ती रेघ सोडियमच्याच जागी होती का? नव्हती. हेलियमची रेघ ५८७.६ ला, डी जोडीच्या किंचित शेजारी, आणि ती सोडियमची नाही हे ओळखण्यातच सगळी गंमत होती. शोध घेता घेता पोरांना कळलं की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने ती रेघ त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातून बघितली. देवगडकर दोन दिवस रुसला. मग भित्तिपत्रकाचा तो अंक त्यानेच लिहिला, 'ओट्यांची गोष्ट आणि रेघेची गोष्ट' या नावाने, आणि आमच्या भित्तिपत्रकासमोर उभं राहून वाचणारी पोरं मी पहिल्यांदा बघितली.

आता तिचे वडील. ते ग्रामपंचायतीत पाणी सोडतात आणि गावचे दिवेही बघतात, हे मला जानेवारीपर्यंत माहीत नव्हतं. गावात एलईडी आले तेव्हा सोडियमचे दिवे त्यांनीच उतरवले होते. फाट्यावरचा तेवढा राहिला होता. विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी ते स्वतः आले, गोणपाटात १५० वॅटचा उतरवलेला बल्ब, चोक आणि इग्नायटर घेऊन, आणि सोबत पंचायतीची दोन ओळींची चिठ्ठी. 'तुमच्या मंडळाला,' म्हणाले. 'मंडळाला' या शब्दावर जरा जास्त जोर होता, असं मला वाटलं. इग्नायटर काही हजार व्होल्टचे झटके देतो, म्हणून जोडणीला मी पोरांना हात लावू दिला नाही. प्रयोगशाळेच्या परिचरांनी आणि त्यांनी मिळून ती केली. दिवा लागला, पांढरा-निळसर, मग पिवळा. त्यांनी खोक्याला डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले, 'बारा वर्षं ह्ये दिवं चढवून उतरवलं. ह्यात रेघ असंल असं कुनी बोललं नाय.'

ही हकिकत विभागाच्या बैठकीत मांडली तेव्हा एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला : मुलगी मुळातच चौकस आहे, आज ना उद्या आलीच असती, एका उदाहरणावरून मंडळाची घडी बदलायची का? अर्धा आक्षेप मला मान्य आहे. पण मग मी रजिस्टर काढून दिवाळीपर्यंत टिकलेल्या त्या नऊ जणांचे पत्ते बघितले. आठ कॉलेजच्याच गावातले किंवा हॉस्टेलचे. नववा सहीसाठी आलेला. म्हणजे 'आवड' म्हणून मी जे मोजत होतो त्यात गाडीचं वेळापत्रकही मिसळलेलं होतं, आणि दोन्ही वेगळे करायचा प्रयत्न सहा वर्षांत मी एकदाही केला नव्हता. प्रयोगात अशी चूक एखाद्या पोराने केली असती तर मी त्याला जर्नल परत लिहायला लावलं असतं.

बदललं ते थोडंच. ओळख परेड बंद केली. रजिस्टरमध्ये नाव, वर्ग, वर्गणी याच्यापुढे 'काय बघायचं आहे?' असा एक रकाना आखला. या जुलैत ८४ नावं आली, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा कमी. रकान्यात बऱ्याच जणांनी 'जीएमआरटी' लिहिलं, काहींनी रिकामा सोडला, एकाने 'इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं का तापत नाही' असं लिहिलं आणि त्याला दुसऱ्याच गुरुवारी शेगडी आणायला लावली. वर्गणीचं काय करावं ते अजून ठरलेलं नाही. मला ती नको आहे, ऑफिसला हवी आहे. भित्तिपत्रक पूर्वीसारखंच कधी येतं, कधी राहून जातं.

तिला सचिव व्हायला सांगितलं तेव्हा तिने साफ नकार दिला. 'ते सूत्रसंचालन नको सर.' मंडळाच्या कपाटाची किल्ली मात्र तिच्याकडे आहे. खोके आता पाच झालेत आणि ब्लेड कोणी नीट लावत नाही म्हणून ती एफ.वाय.च्या मुलांवर चिडते. फाट्यावरचा दिवा एप्रिलमध्ये गेला, तिथे एलईडी आला. आमचा गोणपाटातला दिवा तेवढा चालू आहे, पण तो बल्ब किती दिवस टिकेल याची तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे.

अध्यक्षाची तक्रार होती, आणि ती खरी आहे : पस्तीस मिनिटांत, डबा खाता खाता, खोलात काही शिकवता येत नाही. म्हणून बुधवारचं चारचं व्याख्यान महिन्यातून एकदा ठेवलं आहे. ते चांगलं होतं, साडेपाचला संपतं, आणि पाच दहाची गाडी धरणारं त्याला अजूनही कोणी येत नाही.